खर्चाच्या यादीत बादली

नव्या गावात ग्रुपने उतरलं की काही सीन ठरलेले असतात. एक जण चार्जिंग पॉइंट शोधतो. एकाला आधी चहा लागतो. आणि एक जण फोनमधली यादी उघडून 'आतापर्यंत माणशी किती झाले' हे जाहीर करतो. आमच्या आठ जणांच्या ग्रुपचा हा खजिनदार पेशाने अकाउंटण्ट. म्हणजे विषयच संपला!

यंदाचं बजेट होतं माणशी हजार रुपये, एक रात्र, एप्रिलचा वीकेण्ड. ठिकाण खोडाळा. 'ते कुठे आलं?' हा प्रश्न ऑफिसमध्ये किमान सहा जणांनी विचारला. तर मंडळी, खोडाळा मोखाडा तालुक्यात. जिल्हा २०१४ पर्यंत ठाणे, आता पालघर. सीएसएमटीहून कसारा लोकल पकडायची, अडीच-पावणेतीन तास गप्पा ठोकायच्या, कसाऱ्याला उतरून एसटी नाहीतर शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, पण आम्ही आठ जण म्हणजे जवळजवळ भरलेलीच.

वाटेत विहीगाव लागतं. इथला धबधबा २००१ च्या 'अशोका' सिनेमामुळे फेमस झाला. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये नुसता काळा कातळ! पुढे देवबांधचा गणपती, वरच्या अंगाला सूर्यमाळचा गार वारा, रस्त्याकडेला मोहाची झाडं. ऑफ-सीझनला जाण्याचं सुख म्हणतात ते हेच. गर्दी नाही आणि दरही निम्मे.

मुक्काम एका मावशींच्या घरी. सॅक टाकल्या, पाणी प्यायलो. आठांपैकी दोघांनी लगेच टॉवेल खांद्यावर टाकले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोरांनो, एकेक बादली हां. टँकर आता उद्याच येईल."

टँकर? एवढ्या हिरव्या डोंगरात?

पाऊस इथे धो धो कोसळतो. पण खाली कातळ आणि सगळीकडे उतार, त्यामुळे पाणी मुरायला थांबतच नाही. ते धावत जाऊन वैतरणेला मिळतं. नदी खोल दरीत, पाडे वर डोंगरावर. होळीनंतर कित्येक विहिरी तळ गाठतात. मग टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि बायका हंडे-कळश्या घेऊन ते पाणी पुन्हा वर ओढतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणं ही आपल्या जिमच्या कुठल्याही पॅकेजमध्ये नसलेली एक्सरसाइज आहे.

आता गंमत ऐका. याच वैतरणेवर मुंबईची तीन धरणं आहेत : अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर. त्यातलं मध्य वैतरणा याच मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ. १०२ मीटर उंच. २०१४ मध्ये पूर्ण झालं. मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर, म्हणजे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं. तिथून पाणी मोडकसागरात, पुढे भांडुपला शुद्ध होऊन तुमच्या-आमच्या नळाला. धरण दरीत, पाडा डोंगरावर. मुंबईपर्यंत पाणी उतारानेच येतं, पाड्यावर ते चढवावं लागतं. त्यासाठी पंप हवा, पाइप हवा, वीज हवी. म्हणजे पैसा हवा.

रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा. जेवण झाल्यावर खजिनदाराने यादी उघडली. जीप, जेवण, मुक्काम, सगळं बसलं. मग त्यानेच विचारलं, "मावशी, पाण्याचे किती?"

"पाण्याचे कसले पैसे घ्यायचे?" मावशी म्हणाल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

आमच्या यादीत चहाच्या कपापर्यंत सगळं होतं. गावात सगळ्यात महाग असलेली वस्तू तेवढी शून्य रुपयांत आली होती. ऑफ-सीझनचे दर निम्मे असतात, पण पाणी आणायचे कष्ट याच दिवसांत दुप्पट असतात. आपण ते कष्ट हिशेबात धरत नाही, म्हणून ट्रिप बजेटमध्ये बसते.

तेव्हा पुढच्या ट्रिपला आमचे तीन नियम. पोहोचल्यावर वाय-फायच्या आधी विचारायचं, पाणी कुठून येतं? दिवसाला माणशी एक बादली, दुसरी मागायची नाही. आणि उन्हाळ्यात मुक्कामाचे दर ठरवताना घासाघीस बंद. आमच्या खजिनदाराने यादीत नवा कॉलम टाकलाय : 'बादल्या'. आणि मावशींना ठरल्यापेक्षा माणशी शंभर जास्त दिले. बजेट शंभराने हुकलं. पण यंदा पहिल्यांदाच तो कुणावर ओरडला नाही!