चिन्ह त्यांचं, तर नगरसेवक आपला कसा?

१४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, ताडीवाला रोडला, येरवड्यात, मंगळवार पेठेत, बोपोडीत चार कार्यकर्ते एकत्र बसले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गटतट नसते तर आज महाराष्ट्रात आपलं राज्य असतं." मग नेत्यांची नावं घेतली जातात, कोण कुणाच्या गाडीत बसला ते निघतं, आणि शेवटी ऐक्याची हाक देऊन सगळे घरी जातात. हे वाक्य अर्धं खरं आहे. पण प्रस्थापित पक्षांना ते फार सोयीचं आहे, कारण सगळा रोग आपल्याच भांडणात असला की निवडणुकीच्या यंत्राबद्दल आणि युतीच्या अटींबद्दल कुणी विचारतच नाही.

ऐक्य झालंच नाही असंही नाही. १९९८ साली झालं. लोकसभेला अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले निवडून आले. चौघेही खुल्या मतदारसंघातून. काँग्रेसशी युती होती, तरी चौघांची नोंद झाली ती रिपब्लिकन पक्षाचे खासदार म्हणून. त्याआधीचं मोठं यश १९५७ चं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन काही महिनेच झाले होते. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होतं. समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता. पण नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावातून बी. सी. कांबळे आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडमधून बाळासाहेब साळुंके लोकसभेत गेले ते फेडरेशनच्या नावावर. युती दोन्ही वेळा होती. आपली ओळख मात्र कुणाकडे गहाण पडलेली नव्हती. या दोन सालांची आठवण काढताना आपण 'ऐक्य' एवढंच लक्षात ठेवतो आणि उमेदवारी कुणाच्या नावावर होती ते विसरतो.

हे का महत्त्वाचं, ते समजायला येरवड्याच्या तुरुंगापर्यंत मागे जावं लागतं. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराबद्दल शाळेच्या पुस्तकात एवढंच सांगतात की ७१ च्या जागी १४८ जागा मिळाल्या, म्हणजे फायदाच झाला. जागा दुप्पट झाल्या, हे खरं. गेलं ते मत. जातीय निवाड्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं होती: एक स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडायला, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. करारानंतर राखीव जागेसाठी चार जणांचं पॅनेल तेवढं आपण निवडायचं आणि त्यातला अंतिम एक सगळ्यांनी मिळून, म्हणजे प्रत्यक्षात बहुसंख्य सवर्णांच्या मतांनी ठरायचा. ही प्राथमिक निवडणुकीची सोयही पुढे गेली. उरली राखीव जागा: उमेदवार आपला, मतदार त्यांचे.

तरीही १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. त्यात सर्वसाधारण जागांवरचेही होते. यामागे बाबासाहेबांची संघटना होती, शेतकरी-मजुरांचा कार्यक्रम होता. आणखी एक गोष्ट होती, जी आपल्याकडे कुणी सांगत नाही: तेव्हा बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. वस्तीने ठरवलं की ताकद एका ठिकाणी ओतता येई. काँग्रेसनेही डोकं चालवलं होतंच. बाबासाहेबांसमोर त्यांनी उभे केले पळवणकर बाळू. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करता करता देशातला अव्वल गोलंदाज झालेला हा माणूस अस्पृश्य समाजाचा अभिमान होता. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. बाळूंबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. पण प्रस्थापितांची रीत त्या वर्षीच ठरली: आपल्यातलाच लाडका माणूस शोधायचा, त्याच्या हातात त्यांचा झेंडा द्यायचा आणि आपल्या माणसासमोर उभा करायचा. १९३७ ला बाबासाहेब जिंकले. १९४६ ला काँग्रेसच्या लाटेत फेडरेशनचा धुव्वा उडाला, आणि त्याच जुलैत फेडरेशनने याच पुण्यात पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह केला. १९५२ ला उत्तर मध्य मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून खुद्द बाबासाहेब हरले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक काँग्रेसच्या बोरकरांनी जिंकली. संविधानाचा शिल्पकार दोनदा पडला, दोन्ही वेळा अनुसूचित जातीच्याच काँग्रेस उमेदवारासमोर. १९५५ मध्ये फेडरेशनने ठराव केला की कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा. ही मागणी बाबासाहेब हयात असताना त्यांच्याच पक्षाने केली होती, हे आज किती तरुणांना माहीत आहे?

रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला आणि लवकरच दुरुस्त-नादुरुस्तच्या वादात फाटला. ते सगळं इथे उगाळत नाही. मला १९६७ चं साल जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली होती. दादासाहेबांनी उभा केलेला तो लढा जातीच्या पलीकडचा होता, भाकरीचा होता. आणि दोनच वर्षांत त्याच पक्षाने काँग्रेसशी समझोता केला. दादासाहेबांच्या निष्ठेवर शंका घेण्याची माझी लायकी नाही. पण हिशेब मांडायला हरकत नसावी. १९७१ च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचा देशभरातून एक खासदार उरला, तोही पंढरपूरच्या राखीव जागेवरून. लढ्यातून आलेली ताकद जागावाटपाच्या टेबलावर गेली की तिची किंमत समोरचा ठरवतो.

हे सगळं पुण्यात बसून बारकाईने पाहत होते ते कांशीराम. इथल्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला असताना आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांसाठी भांडणारे दीनाभाना त्यांना भेटले, डी. के. खापर्डे भेटले, बाबासाहेब वाचायला मिळाले. रिपब्लिकन पक्षाचं काम त्यांनी जवळून पाहिलं आणि ते निराश झाले. पुणे कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ ला, त्यांनी 'चमचा युग' हे पुस्तक काढलं. संयुक्त मतदारसंघ नेता घडवत नाही, चमचा घडवतो, हा त्याचा गाभा. दोन वर्षांनी बसपा काढली. चिन्ह हत्ती, म्हणजे फेडरेशनचं आणि नंतर रिपब्लिकन पक्षाचं जुनं चिन्ह. युत्या त्यांनीही केल्या: आधी समाजवादी पक्षाबरोबर, मग भाजपच्या पाठिंब्यावर. त्यावर टीका करणाऱ्यांनी जरूर करावी. पण प्रत्येक वेळी मतपत्रिकेवर हत्ती होता, आणि जून १९९५ मध्ये मायावती मुख्यमंत्री झाल्या. कांशीराम पुण्यात घडले म्हणून आपण छाती फुगवतो. हत्ती इथून का गेला, हे मात्र विचारत नाही.

आता आपल्या महापालिकेकडे येऊ. २०१७ साली भाजपबरोबर गेलेल्या रिपाइंच्या उमेदवारांनी पुण्यात कमळावर निवडणूक लढवली. काही निवडून आले, उपमहापौरपद मिळालं, वस्तीत फटाके वाजले. पण कायदा काय म्हणतो? १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा सांगतो की सदस्य ज्या पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आला त्या पक्षाचा. सभागृहात व्हीप भाजपचा. झोपडपट्टी पुनर्वसनाचा विषय असो की सफाई कामगारांच्या ठेक्याचा, हात कधी वर करायचा ते गटनेता सांगणार. मतं भाजपच्या खात्यात गेली, आणि राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवण्यासाठी मतांची टक्केवारी आणि जागा स्वतःच्या नावावर लागतात, हे विसरून आपण उपमहापौरांच्या गाडीबरोबर फोटो काढत बसलो. गंमत म्हणजे २०२३ साली याच रिपाइंने नागालँडमध्ये स्वतःच्या नावावर दोन आमदार निवडून आणले. नागालँडमध्ये स्वतःच्या नावावर लढता येतं, आणि जिथे पक्ष जन्मला त्या महाराष्ट्रात येत नाही?

त्यात प्रभागाची रचना. चार नगरसेवकांचा प्रभाग म्हणजे पाऊण लाखाहून जास्त लोकसंख्या. अनुसूचित जातीची जागा एक, पण तिच्यावर मत अख्ख्या प्रभागाचं, सोसायट्यांसकट. १९३७ सारखी चारही मतं एकाला देण्याची सोय नाही. अ, ब, क, ड प्रत्येक जागेला एकेकच. खर्च चौपट, म्हणून पॅनेल लागतं. पॅनेल मोठ्या पक्षाचं, म्हणून चिन्ह मोठ्या पक्षाचं. पुणे कराराचं गणित पुण्याच्या प्रभागात असं उतरलेलं आहे. विधानसभेलाही तेच. पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी या आपल्या परिसरातल्या दोन राखीव जागा. २००९ पासून २०२४ पर्यंत चार निवडणुका झाल्या. तिथून काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, शिवसेना असे सगळे जिंकले. आंबेडकरी पक्षाचा एकही नाही.

मग काय, एकट्यानेच लढायचं? २०१९ ला वंचित बहुजन आघाडीने लोकसभेला एमआयएमला सोबत घेऊन लढून दाखवलं. लाखोंनी मतं पडली, जागा मात्र मित्रपक्षाची औरंगाबादचीच आली, आणि आपल्याला 'बी टीम' ठरवण्यात आलं. मतं खाल्ली म्हणे! मतं काय काँग्रेसच्या सातबाऱ्यावर होती? पण नुसतं चिन्ह आपलं असूनही भागत नाही. २०२४ ला पुणे लोकसभेला वंचितने मनसेतून बाहेर पडलेल्या वसंत मोरेंना तिकीट दिलं. २०१९ च्या तुलनेत मतं निम्म्यावर आली आणि काही महिन्यांतच उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेत गेला. वस्तीत वर्षानुवर्षं पाणी, रेशन, जातीचे दाखले यासाठी हेलपाटे घालणारा कार्यकर्ता तेव्हाही तिकिटासाठी मोठा नव्हता.

मार्च २०२२ पासून पुणे महापालिका काही वर्षं प्रशासकाच्या हाती होती. निवडणूक लागली की बैठका सुरू होतात. कोणता गट कुणाबरोबर जाणार, यावर पैजा लागतात. युतीला माझा विरोध नाही; ५७ ला होती, ९८ ला होती. पण तुमच्या भागात नेता येईल तेव्हा 'किती जागा मिळाल्या' हे शेवटी विचारा. आधी विचारा, एबी फॉर्मवर पक्षाचं नाव कोणतं? सभागृहात गटनोंदणी वेगळी होणार का? प्रभागातल्या उरलेल्या तीन जागांवर मित्रपक्षाचा मतदार आपल्या चिन्हावर शिक्का मारेल, याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोण घेतं? आणि उमेदवाराचं नाव वस्तीच्या बैठकीत ठरलं की हॉटेलात? उत्तर 'साहेब बघतील' असं आलं, तर त्या दिवशी सतरंज्या उचलायला जाऊ नका.