उमेदवारीची खरी कसोटी

निवडणूक आली की उमेदवारांना जनतेचा कळवळा येतो आणि निवडणूक सरली की तो कळवळा पाच वर्षांसाठी कुलूपबंद होतो. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की लोकांना त्याची चीड येत नाही, हसू येते. हे हसू आम्हांस चिडीपेक्षा अधिक घातक वाटते. कारण कशेळ्यासारख्या गावातला एखादा साधा रहिवासी ‘मी उभा राहतो’ असे म्हणू लागला, तर घरची माणसे विचारतात, ‘हे भिकेचे डोहाळे कशाला?’ आणि गावातले शहाणे विचारतात, ‘पैसे किती काढून ठेवलेस?’ त्याने आजवर काय पाहिले, काय सोसले आणि त्यातून काय करावेसे त्याला वाटले, हे मात्र कोणीच विचारीत नाही. लोकशाहीत पहिला प्रश्न हाच असावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कशेळे शहरातील सुशिक्षितांना ठाऊक असते ते कोथळीगडाच्या किंवा भीमाशंकराच्या वाटेवरचा चहाचा थांबा म्हणून. आसपासच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांना मात्र ते बाजाराचे आणि दवाखान्याचे गाव आहे. चार महिने सह्याद्रीवरून धो धो कोसळणारे पाणी येथून वाहून जाते आणि वैशाखात याच मुलखातल्या बायका हंडे घेऊन वणवण करतात. भात झोडून झाले की कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. या मुलखात सार्वजनिक कामाची प्रेरणा पुस्तकातून शोधावी लागत नाही. ती दारातच उभी असते.

ती ओळखणारा एक पुरुष याच तालुक्याने महाराष्ट्राला दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. माथेरान हे मुंबईच्या धनिकांचे विश्रांतिस्थान. बंगले पाहुण्यांचे, घाम स्थानिकांचा! त्या घामाच्या बाजूने वाढलेला हा मुलगा वकिलीची पदवी मिळवून बसला. त्याला शहरात सुखाने राहता आले असते. पण तो परतला, खेड्यांतून शाळा काढू लागला आणि १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला.

त्याच सुमारास त्यांनी जे काम उभारले, ते कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा बोलके आहे. पावसाळ्यात गरिबाच्या घरातले धान्य संपते, तो सावकाराकडून उसने घेतो आणि सुगीला दीडपटीने, दुपटीने फेडतो. मग पुढल्या पावसाळ्यात कणगी पुन्हा रिकामी! कोतवालांनी यावर भाषणे केली नाहीत, धान्यकोठ्या काढल्या. धान्य एकत्र साठवावे, अडल्यानडल्याला द्यावे, सुगीला त्याने ते परत करावे. उपाय साधा होता. पण तो सुचण्यासाठी रिकामी कणगी आधी डोळ्यांनी पाहावी लागते.

पुढे १९४२ चा वणवा पेटला. कोतवालांनी खुर्चीची ऊब सोडली, ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून परकीय सत्तेच्या कारखान्यांना अंधाराची चव दाखविली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह ते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वय अवघे तीस! ज्याला खुर्ची म्हणजे कामाचे अवजार वाटते, तोच वेळ आली की ती सोडू शकतो. ज्याला खुर्ची हेच काम वाटते, त्याला ती सोडविता सुटत नाही.

हा केवळ इतिहास नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इरसाळगडाच्या कुशीतली इरसाळवाडी दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यादी कागदावर होती, डोंगर डोंगरावर होता! जेथे याद्या होतात त्या टेबलाशी ती चढण रोज चढणारा माणूस का नसावा, हा प्रश्न आम्ही विचारतो. अनुभवी माणसाची उमेदवारी ही शोभेची बाब नाही. ती कधीकधी जीवनमरणाची बाब ठरते.

त्यातून रायगड जिल्ह्याचा समावेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांना मिळालेले विशेष अधिकार कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांना मिळालेले नाहीत. येथे सारी भिस्त निवडून येणाऱ्या माणसावर आहे. अन् ते माणूसही कित्येक वर्षे नव्हते! मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. पुढे तीन वर्षे उलटली तरी मतदान झाले नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासकाला गाऱ्हाणे सांगता येते, मतपेटीतून जाब विचारता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, सोसलेले दुःख हीच का पात्रता? नव्हे, मुळीच नव्हे. गरिबीतून वर आलेल्यांनीच पुढे गरिबांच्या जमिनी दलालांच्या घशात घातल्याची उदाहरणे या महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. पण हंडा वाहणारी बाई सरपंच झाली आणि कारभार नवराच पाहू लागला, तर तिचा अनुभव दाराबाहेरच राहिला म्हणावयाचा! अनुभव हे बियाणे आहे. ते चार माणसांच्या कामात पेरले गेले तरच पीक येते. घरात जपून ठेवले तर त्याला भुंगा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रात उघड करावे लागतात. ही फार मोठी सुधारणा झाली. पण ‘निवडून येण्यापूर्वी तू कोणाची कणगी भरलीस?’ असा रकाना त्या कागदात नाही, आणि तो कायद्याने घालताही येणार नाही. तो मतदारानेच आपल्या मनात आखावयाचा आहे.

कर्जतच्या मातीत शेतघरे बांधून शनिवार-रविवारची शांतता विकत घेणाऱ्या शहरवासीयांनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या डोंगराच्या सावलीत आपण विसावता, त्याच सावलीत एखादी वाडी पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी खोळंबलेली असते. तिच्यातला कोणी धडपड्या उभा राहिला, तर त्याच्या फाटक्या खिशाला हसू नका. त्याचे काम पाहा, जमले तर त्याला हात द्या. आणि कशेळ्याच्या मतदारांनो, दारी आलेल्याला आश्वासने विचारू नका, हिशेब विचारा. भाई कोतवालांच्या तालुक्यात याहून हलके माप वापरणे शोभत नाही.