घसा बसला म्हणून गप्प बसू नका



वर्षावासात आमच्या तिवशाच्या विहारात रोज सायंकाळी वंदना आणि ग्रंथवाचन होते. वाचन करणाऱ्या काकाजींचा आवाज एका वर्षी बसला. “वाचून वाचून घसा बसला,” असे सारे म्हणाले, आम्हीही म्हणालो. हळद-दूध झाले, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तीन महिने असेच गेले. अमरावतीच्या डॉक्टरांनी कर्करोगाची शंका काढली, तेव्हा काकाजी म्हणाले, “नरडं कापून मुकं जगन्यापरीस असाच मेलो तं काय वाईट?”

ही भीती आपल्या घराघरांत आहे. तिच्यामुळे माणूस दवाखाना टाळतो, आणि टाळल्यामुळेच आवाज जातो. म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

आपल्या गळ्यात श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. त्यातील दोन स्वरतंतू थरथरले की आवाज निघतो. गाठ तंतूवर झाली तर ती लहान असतानाच आवाज घोगरा होतो. तेथून रोग लवकर पसरतही नाही. म्हणजे रोग स्वतःच आधी हाक देतो. आपण ऐकत नाही. तंतूवरचा रोग सुरुवातीला सापडला तर नुसत्या किरणोपचाराने किंवा लेसरने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात आणि आवाजही राहतो.

रोग वाढलेला असला तरी स्वरयंत्र काढावेच लागते असे नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांचा अभ्यास करून १९९१ साली तो प्रसिद्ध केला. अर्ध्या रुग्णांचे स्वरयंत्र काढून नंतर किरणोपचार दिले. उरलेल्यांना आधी केमोची औषधे आणि मग किरणोपचार दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ६८ टक्के रुग्ण जिवंत होते. मात्र दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांचे स्वरयंत्र वाचले होते. पुढे २००३ साली दुसऱ्या अभ्यासात दिसले, की केमो आणि किरणे एकाच वेळी दिल्यास स्वरयंत्र अधिक वाचते.

पण खोटा दिलासा आम्ही देणार नाही. गाठ कूर्चा फोडून बाहेर गेली असेल, घास श्वासनलिकेत जात असेल, तर स्वरयंत्र काढणेच हिताचे ठरते. तेथे आवाजासाठी जीव घालवू नये. त्यानंतर मानेवरच्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो, पण माणूस कायमचा मुका होत नाही. झडप बसवून, गळ्याला यंत्र लावून किंवा अन्ननलिकेतून बोलायला शिकता येते. बेंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी तर सुमारे ५० रुपयांत अशी झडप तयार केली आहे.

तेव्हा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. “स्वरयंत्र वाचेल काय?” हा प्रश्न डॉक्टरांना न लाजता विचारा.

किरणोपचार सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. पण उपचार मध्येच सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात हे उपचार मोफत होतात. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती होता. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी जाताना रेल्वेभाड्यातही सवलत मिळते.

शेवटी आपल्या घरातले बोलू. या रोगाचे मोठे कारण बिडी-सिगारेट, आणि जोडीला दारू असली की धोका कितीतरी वाढतो. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या गळ्याने ती म्हणायची, त्याच गळ्यात विष ओतायचे काय? उपचार चालू असताना बिडी ओढली तर किरणांचा गुणही कमी येतो.

काकाजींचा रोग एकाच तंतूवर होता. किरणोपचार पुरे झाले. आवाज थोडा जाड झाला आहे, पण पुढच्या वर्षावासात ग्रंथ पुन्हा त्यांच्याच हाती होता. आम्ही मागे बसून ऐकत होतो, आणि वाया घालवलेले ते तीन महिने आठवत होतो.

जय भीम!