आरशावरचा टॉवेल

ऑपरेशनला आठ महिने झालेल्या एका भगिनीचं पत्र आलंय. कॅन्सरमुळे डावा स्तन काढावा लागला. जखम भरली, डॉक्टर समाधानी आहेत. "पण ताई, न्हाणीघरातल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवते. यांच्यासमोर कपडे बदलत नाही, मुलीच्या खोलीत निजते. सासूबाई म्हणतात, जीव वाचला ना, मग रडतेस कशाला?"

सासूबाई काळजीपोटीच बोलतात हो. पण जीव वाचल्याचा आनंद आणि अवयव गेल्याचं दुःख एकाच वेळी मनात असू शकतं. दात पडला तरी जीभ महिनाभर तिथंच जाते. हा तर लेकीला पाजलेला स्तन! रडा खुशाल, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नका.

टॉवेल एकदम ओढून काढू नका. आधी बोटांनी ओळख करून घ्या. डॉक्टरांना विचारून आंघोळीनंतर व्रणावर हलक्या हातानं खोबरेल तेल लावा. आज लाल, जाडसर दिसणारा व्रण बहुधा वर्ष-दीड वर्षात फिकट होतो. काखेतल्या गाठी काढताना तिथली नस दुखावते, म्हणून दंड आतून बधिर लागतो. गेलेला स्तन अजून जागेवरच आहे, तिथं खाजतंय, असंही कित्येकींना वाटतं. ते वेड नव्हे. हात मात्र सुजला, जड वाटू लागला, तर अंगावर न काढता लगेच दाखवा.

आता ब्लाउजचं. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. त्याला वजन असतं, त्यामुळे खांदा एकीकडे झुकत नाही. ब्रेसियरला आतून मलमलीचा खिसा शिवून त्यात तो ठेवायचा. घरात वावरताना कापूस भरलेली हलकी उशीही चालते. ब्लाउजचा गळा थोडा वर घ्या. टेलरला सांगायचा संकोच वाटत असेल तर शिवणकाम करणारी एखादी बाई गाठा. आणि काहीच लावायचं नसेल, तर तीही तुमचीच मर्जी! स्वतःच्याच पोटाची किंवा पाठीची त्वचा वापरून नवा स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया नंतरही करता येते. सर्जनना मोकळेपणी विचारा.

लपवालपवी आपल्याकडचीच नाही. १९७४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन काढला, आणि त्यांनी ते उघड सांगितलं. त्यानंतर तिथं तपासणीसाठी बायकांची रीघ लागली. तोवर हा शब्द चारचौघांत उच्चारत नसत.

पत्र दोनदा वाचलं. यजमानांना काय वाटतं, हे त्यात कुठंच नाही. विचारलंत का? हात लावला तर तिला दुखेल, या भीतीनं पुरुष लांब राहतो, आणि बायको समजते की त्याला किळस आली. (आपल्याकडचे पुरुष अशा वेळी तोंड उघडतील तर शपथ!) तेव्हा सुरुवात तुम्हालाच करावी लागेल. एका रात्री, दिवा बारीक हवा तर बारीक करा, पण आपल्या खोलीत निजायला जा. ब्लाउज घालूनच निजलात तरी चालेल. व्रण दाखवायची घाई नाही.

लेकीलाही तिच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगा. आई रोज आपल्याजवळ का निजते, हे कोडं तिलाही पडलं असेल.

खिशाचं माप हवं असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवा. नाव छापणार नाही. आणि टॉवेलचं काय झालं, तेही कळवा.