चोवीसातले चार

काही आजार चारचौघांत सांगता येतात. मायग्रेन, स्लिप डिस्क, अगदी थायरॉइडसुद्धा. पण ‘मला दिवसातून दहा वेळा टॉयलेटला पळावं लागतं’ हे कुणाला सांगणार? क्रोन्स त्यातलाच. आतड्याला सूज, जखमा, पोटात कळा, वजन झरझर खाली. आणि हे सगळं बऱ्याचदा ऐन पंचविशीत, म्हणजे आपल्याच वयात सुरू होतं. आजार आटोक्यात ठेवता येतो, मुळासकट घालवता येत नाही.

माझी एक मैत्रीण आयटीत आहे. नव्या ऑफिसात पाऊल ठेवलं की ती आधी वॉशरूम शोधते, कॅन्टीन नंतर! मध्यंतरी डॉक्टरांनी तिला एका नव्या बायोलॉजिक औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं. संध्याकाळी तिचा फोन. ‘‘अगं, तू पत्रकार ना? मग सांग, मला औषधाऐवजी नुसतंच पाणी चढवलं तर? मी काय गिनिपिग आहे का?’’

प्रश्न रास्त होता. मग मी वाचायला बसले.

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध. क्रोन्ससाठीचं पहिलं इन्फ्लिक्सिमॅब. सूज भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला ते जखडून ठेवतं. त्याच्या एका गाजलेल्या ट्रायलचे आकडे 1997 साली प्रसिद्ध झाले. पेशंट फक्त 108, गट चार. तीन गटांना कमी, मध्यम आणि जास्त डोस. चौथ्याला औषध नसलेलं द्रावण. कुणाच्या नशिबी काय आलंय, हे ना पेशंटला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

मग फरक मोजायचा कसा? पेशंटने सात दिवस डायरी लिहायची. किती वेळा पातळ शौचाला झालं, पोट किती दुखलं, एकूण कसं वाटलं. त्यात वजन, रक्ताची तपासणी वगैरे मिळवून एक स्कोअर काढायचा. म्हणजे जे आपण कुणाला सांगत नाही, नेमकं तेच इथे मोलाचं!

चार आठवड्यांनी कमी डोसवाल्यांपैकी 81 टक्के लोकांना चांगला फरक पडला होता. सगळ्यात जास्त डोसवाल्यांत 64 टक्के. आणि औषध न मिळालेल्यांत? 24 पैकी 4.

मला हे चौघं फार महत्त्वाचे वाटतात. क्रोन्स आपणहून वर-खाली होत असतो. चार दिवस बरे जातात आणि श्रेय शेवटच्या गोळीला, नाहीतर काकूंनी दिलेल्या चूर्णाला मिळतं. त्या चौघांशी तुलना झाली, म्हणून 81 या आकड्याला अर्थ आला. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

आता बायोलॉजिक्स बरीच आहेत, त्यामुळे कधी कधी दोन औषधांचाच सामना लावतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका ट्रायलमध्ये 386 पेशंट होते. वर्षभरानंतर उस्टेकिनुमॅब घेणाऱ्या 65 टक्के, तर अ‍ॅडालिमुमॅब घेणाऱ्या 61 टक्के पेशंटचा आजार शांत होता. फरक इतका थोडा, की सरस कोण ते ठरलंच नाही.

तर मैत्रिणीला मी ‘सही कर’ही म्हटलं नाही आणि ‘नको’ही नाही. प्रश्न लिहून दिले. तुलना कशाशी आहे? तब्येत बिघडली तर दुसरे उपचार कधी सुरू करणार? ट्रायल संपल्यावर औषध मिळेल का, आणि कोणाच्या खर्चाने? ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदलेली आहे ना? आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, टीबीची तपासणी कधी? शरीरात झोपलेल्या टीबीच्या जंतूंवर टीएनएफचाच पहारा असतो. तो उठवला की जंतू जागे होऊ शकतात. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायलाही सख्खे भाऊ!

एक गोष्ट मात्र तिला ठासून सांगितली. सही केली तरी ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

फॉर्म तिने घरी नेलाय. पानोपानी पेन्सिलीने खुणा करतेय. गिनिपिगला फॉर्म वाचायला मिळत नाही, प्रश्न विचारता येत नाहीत, ‘पुरे आता’ म्हणून उठूनही जाता येत नाही. तिला हे तिन्ही करता येतं. तुमच्यासमोर कधी असा फॉर्म आला, तर सहीच्या आधी तेवढं नक्की करा.