मडगार्ड कापण्याआधी



पावसाळ्यात वाशिम-रिसोडकडच्या काळ्या रानात फटफटी नेली, की मडगार्डात चिखल ठासतो, चाक अडते. मग पोरे मागचे मडगार्डच कापून आखूड करतात, साडीगार्डही उतरवतात. गाडी रुबाबदार दिसते म्हणे! पण मागे बसलेल्या कारभारणीची पाठ चिखलाने भरते, आणि पदर चाकात गेला तर जिवाशी गाठ. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, मागच्याचे कपडे अडकू नयेत यासाठी किमान निम्मे चाक झाकलेले असावे, असे सांगितले आहे. बेकायदा फेरबदलाला २०१९ च्या दुरुस्तीने ५,००० रुपये दंडाचीही तरतूद आहे.

तेव्हा मडगार्ड कापू नका. चिखल ओला असतानाच काडीने काढा. रान फारच चिबडले असेल, तर गाडी सडकेलाच लावा आणि पायी जा.