गृहपाठ मुलीचा, वाक्ये गाईडची

सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत आमचा संध्याकाळचा वाचनवर्ग चालतो. येणारी बहुतेक मुले उर्दू माध्यमाची, थोडी मराठी माध्यमाची, आणि सगळी सहावी ते आठवीतली. त्यांच्या मराठीच्या वह्या मी गेली अनेक वर्षे पाहते आहे. वह्या स्वच्छ असतात. समास आखलेला, तारीख घातलेली, खाली लाल शाईत सही. आणि पंधरा वह्या उघडल्या तर पंधरा वह्यांत एकच उत्तर, स्वल्पविरामासकट. माझे म्हणणे सरळ आहे. या वयातल्या मुलांना भाषा शिकवण्याच्या नावाखाली आपण त्यांच्याकडून दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेत आहोत. या पापात शाळा, संस्थाचालक, पालक आणि भाषेच्या अभिमानावर भाषणे ठोकणारे पुढारी या सगळ्यांचा वाटा आहे.

सातवीतल्या एका मुलीला 'माझे आजोबा' हा निबंध आला होता. तिने लिहिले होते की आजोबा शेतकरी आहेत, पहाटे उठून गोठ्यात जातात, अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि संध्याकाळी ते नातवंडांना गोष्टी सांगतात. मी विचारले, "तुझे दादा शेतकरी आहेत?"

"नै बाजी, दादा माग चलाते थे."

"मग हे गं काय?"

"गाईड में ऐसाच है."

तुळशीवृंदावनाला माझा विरोध नाही. ते तिच्या घरात नव्हते, एवढाच मुद्दा. मग मी वही मिटली आणि तिला दादांबद्दल विचारत गेले. दहा मिनिटे ती दखनीत बोलत होती. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात उभे राहून दादांना ऐकू कमी येते, म्हणून घरात सगळेच मोठ्याने बोलतात आणि शेजाऱ्यांना वाटते रोज भांडण चालू आहे. रात्रपाळी सुटून किती वर्षे झाली तरी दादा पहाटेपर्यंत जागेच असतात. टीव्ही लावतात, पण आवाज बंद ठेवून. यातले एक वाक्यही वहीत नव्हते. शाळेने तिला दहापैकी आठ गुण दिले होते. ते गुण कोणाला दिले, हे शाळेनेच सांगावे.

हे एका आळशी मुलीचे किंवा एका कामचुकार शिक्षकाचे प्रकरण नाही. ही पद्धत आहे आणि ती सगळ्यांच्या सोयीची आहे. धडा वर्गात एकदा वाचला जातो, तोही बहुधा शिक्षक वाचतात आणि मुले बोट फिरवतात. मग स्वाध्याय. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. प्रत्येकाचे एकच बरोबर उत्तर, म्हणजे तपासायला सोपे. ते उत्तर गाईडमध्ये छापलेले असते. हल्ली तर गाईडसुद्धा विकत घ्यावे लागत नाही. मोठा भाऊ मोबाईलवर काढून देतो, बहीण उतरवते. धडा न वाचता धड्याचा गृहपाठ पूर्ण होतो, आणि तो पूर्ण झाला म्हणून आई-बापही निश्चिंत होतात.

2023-24 पासून सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली. मुलांनी आपल्या नोंदी कराव्यात, दप्तराचे ओझे कमी व्हावे, असा हेतू सांगितला गेला. 2025-26 मध्ये ती पाने पुन्हा काढून टाकली. आमच्या वर्गातल्या पुस्तकांत ती पाने एक तर कोरीच राहिली होती, नाही तर फळ्यावरची उत्तरे त्यांवर उतरवलेली होती. आपली नोंद करायची म्हणजे काय करायचे, हे मुलाला कोणी शिकवलेच नसेल तर कागद देऊन काय उपयोग?

उर्दू माध्यमातल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती सविस्तर सांगते, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. या मुलांना मराठी हा दुसऱ्या भाषेचा विषय असतो आणि बालभारतीचे 'सुलभभारती' हे पुस्तक असते. घरात दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर आणि बाजारात मराठी. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीत नाहीत. वाचणारा ते संदर्भाने भरून घेतो. तीच सवय घेऊन मूल देवनागरीकडे येते आणि 'दिवस'चा 'दवस', 'मुलगा'चा 'मलगा' करते. उर्दूत 'ळ'ला अक्षर नाही, 'ण'लाही स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून 'शाळा'ची 'शाला' होते, 'पाणी'चे 'पानी' होते, आणि 'काळ'चा 'काल' झाला की वाक्याचा अर्थच बदलतो. शिक्षक लाल गोल करून 'शुद्धलेखन सुधारा' असे लिहितात आणि शब्द दहा वेळा लिहायला लावतात. मूल दहा वेळा उतरवते. कारण कोणी सांगत नाही. मी कारण सांगितले, दोन्ही लिप्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवल्या, तेव्हा मुलांच्या तोंडावर जे समाधान दिसले ते सांगते. ती मठ्ठ नव्हती, तिच्या चुकांना नियम होता.

आणि जी गोष्ट भाषेच्या तासाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, ती आठ वर्षांत एकदाही सांगितली जात नाही. 'गाईड में ऐसाच है' यातला 'च' मराठीचा आहे. 'नक्को' हे आपले 'नको'च. उलट बाजूने पाहा. दप्तर, हजेरी, तारीख, कागद, शाई, शिपाई, इमारत हे मराठी शाळेतले रोजचे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. म्हणजे मराठीच्या तासाला बसलेले उर्दू शाळेतले मूल परक्या घरात आलेले नाही, त्याची अर्धी भांडी आधीच तिथे मांडलेली आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. हमीद दलवाईंनी 'इंधन' मराठीत लिहिली. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये याच सोलापुरात भरले. हे आठवीच्या मुलाला ठाऊक नसेल तर मराठी त्याच्यासाठी पस्तीस गुणांपुरता विषयच राहणार.

आता अभिमानवाल्यांकडे वळते. 2020 मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून रान पेटले आणि 29 जूनला सरकारने आपले दोन्ही निर्णय रद्द केले. तो विरोध योग्यच होता. पण सहावीतले मूल मराठीचा सलग परिच्छेद वाचून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगू शकत नाही, यासाठी कधी मोर्चा निघाला? दुसरीकडे आपल्या मोहल्ल्यांत उर्दूच्या शानीवर मुशायरे होतात, पहिल्या रांगेत संस्थांचे पदाधिकारी बसून दाद देतात, आणि त्यांच्याच शाळेतले पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असते. उर्दूचे मूल उर्दूचीही गोष्ट वाचत नाही. तिथेही गाईडच.

हे कपाट साधी गोष्ट नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असतील. सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक, आणि भाषेसाठी किमान एक शिक्षक असेल. यावर आमच्यातले जाणते लगेच बोट वर करतात. 2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही असे म्हटले आहे, असे ते सांगतात. बरोबर आहे. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली, हेही ते जाता जाता सांगत नाहीत, पण ते राहू दे. माझा प्रश्न कायद्याचा नाहीच. कायदा लागू नाही म्हणून कपाटाची किल्ली हरवायची का? राज्यघटनेच्या कलम 30 ने आपल्याला संस्था चालवण्याचा अधिकार दिला तो आपल्या मुलांना अधिक चांगले शिकवता यावे म्हणून. दुसऱ्यांच्या मुलांना मिळणारी किमान हमी आपल्या मुलांना नाकारण्यासाठी तो वापरला जात असेल, तर अल्पसंख्याकांच्या हक्काची भाषा बोलताना थोडी लाज वाटली पाहिजे.

शिक्षक म्हणतील, बाई, तुम्हाला बोलायला काय जाते, आमच्याकडे साठ मुले, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाईन माहित्या. हे खरे आहे आणि त्याविरुद्ध शिक्षकांनी भांडावे, आम्ही बरोबर येऊ. पण साठ मुलांकडून एकच उत्तर उतरवून घेऊन साठ सह्या करायलाही वेळ लागतोच. तेवढ्या वेळात दहा मुलांनी लिहिलेले चार-चार अस्सल ओळींचे लिखाण वाचून होते. दुसऱ्या दिवशी पुढची दहा.

या वयाबद्दलच मी एवढी का हटून बसले आहे? चौदाव्या वर्षी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी संपते आणि आमच्या वस्तीत अनेक मुलींची शाळाही तिथेच संपते. त्यानंतर मराठी तिला भेटते ती घरपट्टीच्या नोटिशीत, रेशनच्या अर्जात, दवाखान्याच्या केसपेपरवर, कारखान्याच्या हजेरीपत्रकावर, आणि वेळ आलीच तर पोलीस ठाण्यात लिहून घेतलेल्या जबाबाखाली. 'वाचून दाखवले, बरोबर आहे' असे लिहिलेल्या जागी ती सही करते. दुसऱ्याच्या वाक्याखाली आपले नाव घालायची सवय तिला आठ वर्षे शाळेनेच लावलेली असते.

1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी, आपल्या आठवीतल्या मुलींच्या आसपासच्या वयाची. तिने आपल्या लोकांचे दुःख लिहिले आणि धर्माच्या ठेकेदारांना थेट प्रश्न विचारले. शाळेत येऊन तिला फार वर्षे झाली नव्हती. आमच्या मुली त्याच वयात 'पावसाळा: माझा आवडता ऋतू' पाठ करत आहेत, आणि त्यांच्या घरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरते.

आमच्या वर्गात आम्ही गृहपाठ बदलला. आठवड्याला एक आख्खी गोष्ट मराठीत वाचायची, घरी अम्मीला दखनीत सांगायची, आणि अम्मी काय म्हणाली ते मराठीत लिहून आणायचे. अम्मी कधी कधी गोष्टीचा शेवटच मान्य करत नाही, मग लिखाण फारच चांगले येते. महिन्यातून एकदा घरातला एक कागद आणायचा, वीजबिल, औषधाची चिठ्ठी, काहीही, आणि तो वर्गात सगळ्यांनी मिळून वाचायचा. चुका होतात, भरपूर होतात. पण दोन वह्यांत एकच वाक्य सापडत नाही. याला पैसे लागत नाहीत, प्रशिक्षण शिबिरही लागत नाही.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होताच आम्ही वस्तीतल्या चार शाळांच्या व्यवस्थापनांना अर्ज देणार आहोत. पुस्तकांचे कपाट आठवड्यातून दोन दिवस उघडावे, सहावी ते आठवीला रोज दहा मिनिटे शिक्षकांनी गोष्ट मोठ्याने वाचावी, आणि गाईडमधून उतरवलेल्या निबंधाला गुण देणे बंद करावे. अर्जाचा मसुदा आठवीच्या तीन मुलींनी लिहिला आहे. त्यात 'शाळा' एका ठिकाणी 'शाला' झाली आहे, ती आम्ही तशीच ठेवली. ज्या पालकांना सही करायची आहे त्यांनी रविवारी मगरिबनंतर वाचनवर्गात यावे. सही करण्याआधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला जाईल, आणि कोणाला एखादे वाक्य पटले नाही तर ते तिथेच बदलू.